वाव, फूट, मीटर : मालवण किनाऱ्यावरच्या मापांचा इतिहास

दोन्ही हात आडवे पसरले की एका हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंत जे अंतर भरते, त्याला वाव म्हणतात. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर पाण्याची खोली, दोराची लांबी आणि जाळ्याचा पसारा या मापाने सांगण्याची रीत जुनी आहे. दोर मोजणारा माणूस उभा राहतो, दोराचे टोक डाव्या मुठीत धरतो, उजव्या हाताने दोर छातीवरून ताणून हात पूर्ण पसरेपर्यंत नेतो आणि एक म्हणतो. मग उजव्या मुठीतली जागा डाव्या मुठीत येते आणि दोन होतात. शंभर वाव दोर मोजायला काही मिनिटे पुरतात आणि हात रिकामे असले की दुसरे काही साधन लागत नाही. खोली पाहायची तर दोराला शिशाचे वजन बांधून तो पाण्यात सोडायचा, तळ लागला की वर ओढताना पुन्हा वाव मोजायचे.

या मापाची खोड त्याच्या सोयीतच आहे. माणसाचे पसरलेले हात साधारण त्याच्या उंचीइतके भरतात. सव्वापाच फुटी माणसाचे दहा वाव म्हणजे साडेबावन्न फूट आणि पावणेसहा फुटी माणसाचे साडेसत्तावन्न. एकाच होडीवर, एकाच जागी, दोघांनी सांगितलेल्या खोलीत पाच फुटांचा फरक पडतो आणि दोघेही खरे असतात. होडीवर याने फारसे बिघडत नाही, कारण दोर ज्याने मोजला तोच जाळे सोडतो. अडचण येते ती माप एका माणसाच्या हातून दुसऱ्याच्या कागदावर जाते तेव्हा.

लांबीची बाकीची जुनी मापेही शरीरातूनच आलेली. बारा अंगुळांची वीत, दोन वितींचा हात, चार हातांचा वाव. जाळ्याचे आस, म्हणजे त्याची भोके, अजूनही कित्येक जण बोटे घालून पाहतात. कारागिरांच्या आणि कापडवाल्यांच्या व्यवहारात याखेरीज तसू होता. मुंबईच्या बाजारात १६ तसूंचा हात १८ इंच भरे आणि २४ तसूंचा गज २७ इंच. म्हणजे तसू सव्वा इंचाला किंचित कमी. आज तो कोणत्याही पट्टीवर नाही. ‘तसूभरही मागे हटला नाही’ म्हणणाऱ्याला तो किती, असे विचारले तर बहुधा उत्तर मिळणार नाही.

राज्यकर्त्याला मात्र माणसागणिक बदलणारे माप चालत नाही, कारण त्याला सारा घ्यायचा असतो. शिवकाळात अण्णाजी दत्तो यांच्याकडे जमीनमोजणीचे काम होते आणि त्या काळची काठी सभासदाच्या बखरीत नोंदलेली आहे. काठी पाच हात आणि पाच मुठींची, हात चौदा तसूंचा, सगळी काठी ऐंशी तसूंची. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद जमीन म्हणजे एक बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर. हे वर्णन इतके नेमके आहे की त्यावरून बिघ्याचे एकर सहज काढता येतील असे वाटते. तसे होत नाही. मुंबईच्या बाजारातला सव्वा इंचाच्या आतला तसू धरला तर काठी साडेसात फुटांची होते आणि बिघा २२,५०० चौरस फुटांचा, म्हणजे अर्ध्या एकरापेक्षा थोडा जास्त. चौदा तसूंचा हात १८ इंच धरला तर तीच काठी साडेआठ फुटांच्या वर जाते आणि बिघा एकराच्या दोन-तृतीयांशाइतका होतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. इतिहासाच्या पुस्तकांत ‘एक बिघा म्हणजे इतके एकर’ अशी ठाम ओळ येते, तेव्हा तिच्यामागे कोणता तसू धरला आहे हे पाहिल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये.

वजनाचे हेच. सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सुरू झाले आणि पुढल्या तीन वर्षांत तट उभा राहिला. पायाचे दगड बसवताना पाच खंडी शिसे ओतले, अशी परंपरागत माहिती आहे. इंग्रजी पुस्तकांत हेच शिसे चार हजार पौंडांहून अधिक म्हणून येते. मुंबईची खंडी वीस मणांची आणि तिथला मण २८ पौंडांचा, म्हणजे खंडी ५६० पौंडांची, आजच्या हिशेबाने सुमारे २५४ किलो. या खंडीने पाच खंडींचे २,८०० पौंड होतात, चार हजार नव्हेत. चाळीस पौंडांचा मण धरला तरच चार हजार जुळतात. खंडी सगळीकडे वीस मणांची, पण मण गावोगावी वेगळा, आणि धान्याच्या मापाची खंडी तर आणखी निराळी. सावंतवाडीपासून गोव्यापर्यंत भाताची खंडी वीस कुडवांची धरत. जहाजांची वाहण्याची ताकदही मराठी आरमारात खंडींतच सांगितली जाई. गुराब किती खंडींचे यावर त्याची गणना होई, त्याच्या लांबीवर नाही.

मापाने मोजायच्या धान्याला आणखी एक फाटा होता. पायली सपाट भरायची की शिगोशीग? भाताची शीग किती चढते हे भरणाऱ्याच्या हातावर अवलंबून. देणारा आणि घेणारा यांच्यात जी घासाघीस होई ती भावाइतकीच या शिगेवरून होई.

सिंधुदुर्ग किल्ल्यात चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे आहेत. ते शिवाजी महाराजांचे म्हणून जपले जातात आणि त्यांच्यावर घुमट्या बांधलेल्या आहेत. फ्रान्स, इंग्लंड किंवा इजिप्तमधल्या राजांच्या हातापायांवरून मापे ठरल्याच्या कथा सांगितल्या जातात. इथे राजाचा हात आणि पाय दोन्ही चुन्यात सापडतात, पण त्यांचे माप कोणी केले नाही. त्यांच्यापुढे माथा टेकला गेला.

फूट या किनाऱ्यावर कायमचा आला तो इंग्रजांबरोबर. १८१२ मध्ये करवीरकरांकडून मालवण इंग्रजांकडे गेले. त्यानंतर बंदरे, रस्ते, बंगले आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे शेते इंग्रजी मापाने मोजली जाऊ लागली. मुंबई इलाख्याच्या महसूल मोजणीत ३३ फुटांची साखळी वापरत आणि तिचे सोळा आणे पाडलेले असत. साखळीभर लांब, साखळीभर रुंद जमीन म्हणजे ३३ गुणिले ३३, अर्थात १,०८९ चौरस फूट, हा गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. गुंठा हे देशी नाव, साखळी इंग्रजी फुटांची आणि तिचे भाग रुपयाचे. एकमेकींना परक्या अशा तीन गोष्टी एकत्र येऊन तयार झालेले हे माप आज महाराष्ट्रात सगळ्यांत घरचे वाटते.

इंग्रजी राजवटीतल्या दप्तरांत आणि १८८० मध्ये निघालेल्या रत्नागिरी व सावंतवाडीच्या गॅझेटिअरमध्ये किल्ल्यांचे, खाड्यांचे आणि डोंगरांचे वर्णन याच फुटांत, एकरांत, मैलांत आहे. सिंधुदुर्गाचा तट सुमारे ३० फूट उंच, १२ फूट जाड, दोन मैल घेराचा आणि आत ४८ एकर. पुढे लिहिणाऱ्यांनी हेच आकडे उचलून मीटरमध्ये बसवले आणि त्यात एक नेहमीची चूक झाली. ३० फूट म्हणजे गणिताने ९.१४४ मीटर. पण मूळ आकडा ‘सुमारे तीस’ होता, फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत कोणी तट मोजला नव्हता. अशा ठिकाणी ‘सुमारे ९ मीटर’ हेच खरे रूपांतर. दशांश चिन्हापुढचे तीन अंक मोजणाऱ्याने नव्हे, गणकयंत्राने घातलेले असतात.

या आकड्यांतून मात्र एक गोष्ट नीट कळते. ४८ एकर म्हणजे १९.४ हेक्टर. एवढी जागा वर्तुळाने वेढायची तर दीड किलोमीटरपेक्षा थोडा लांब तट पुरला असता. प्रत्यक्षात तो दोन मैल, म्हणजे ३.२ किलोमीटर आहे, जवळपास दुप्पट. बेटाच्या खडकाळ कडेने नागमोडी वळणे घेत, बुरुजांमागून बुरूज काढत तो गेला आहे. शत्रूची होडी कुठूनही आली तरी दोन बाजूंनी मारा व्हावा यासाठी. वळणावळणाच्या या बांधणीचे बोट लावून दाखवावे असे प्रमाण या दोन मापांच्या गुणोत्तरात मिळते.

मीटरचा जन्म या सगळ्यापासून लांब, फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत झाला. राजाच्या हातापायावर नव्हे तर पृथ्वीवर माप बांधावे, म्हणजे ते कोणाच्याच मालकीचे राहणार नाही, हा त्यामागचा विचार. १७९१ मध्ये असे ठरले की विषुववृत्तापासून उत्तर ध्रुवापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर. देलांब्र आणि मेशें या दोघांनी १७९२ ते १७९८ या काळात डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंतचे अंतर मोजले आणि त्यावरून १७९९ मध्ये प्लॅटिनमची पट्टी केली. मोजणीत थोडी चूक राहिली होती, त्यामुळे मीटर ठरवल्यापेक्षा अगदी किंचित आखूड निघाला. पट्टी मात्र तीच चालू राहिली. १९६० मध्ये मीटरची व्याख्या क्रिप्टॉन वायूच्या प्रकाशलहरींवर आणि १९८३ मध्ये प्रकाशाच्या वेगावर गेली. आता प्रकाश निर्वात पोकळीत एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढे अंतर कापतो तो मीटर.

खलाशांच्या सागरी मैलाचे मूळही पृथ्वीच्याच घेरात आहे. अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत ९० अंश, म्हणजे ५,४०० कला. एक कोटी मीटरला ५,४०० ने भागले की जवळपास १,८५२ मीटर येतात आणि सागरी मैलाची आजची ठरलेली लांबी तेवढीच आहे. त्यामुळे समुद्रावर मीटर आणि मैल एकमेकांशी फटकून वागत नाहीत. भारताचे प्रादेशिक पाणी १२ सागरी मैलांचे, म्हणजे २२.२२४ किलोमीटरचे.

या किनाऱ्याला मीटरची पहिली ओळख दक्षिणेकडून, गोव्याच्या बाजूने झाली असावी असे मानायला जागा आहे. पोर्तुगालने १८५२ च्या हुकमाने मेट्रिक पद्धत स्वीकारली. तेरेखोल खाडीच्या एका काठावर पोर्तुगीज अंमल, दुसऱ्या काठावर इंग्रजांचा आणि सावंतवाडीकरांचा. आजही हा फरक जमिनीच्या भावात दिसतो. खाडीपलीकडे जमीन चौरस मीटरवर बोलतात, अलीकडे गुंठ्यावर. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा आहे, तेव्हा गोव्यातल्या भावाला शंभराने गुणले की गुंठ्याचा अंदाज लगेच येतो.

इंग्रजांनीही एकदा मीटर आणायचे मनावर घेतले होते. लॉर्ड मेयो यांच्या कारकिर्दीत १८७१ चा कायदा झाला आणि त्यात शेर किलोग्रॅमइतका ठरवला गेला. हा कायदा अमलात आलाच नाही. पण त्याच सुमारास स्वस्त रेल्वेसाठी रुळांमधले अंतर ठरवायचे होते आणि पुढे देशात मीटर येणार या भरवशावर ते बरोबर एक मीटर ठेवले गेले. मीटर आला नाही, मीटरगेज मात्र आली. मुरगावहून घाट चढून जाणारी लोहमार्गाची वाट १८८० च्या दशकात याच गेजवर झाली. १८८९ मध्ये लांबीच्या मापांचा कायदा झाला त्यात पुन्हा इंग्रजी यार्डच प्रमाण धरला गेला. वार म्हणजे हाच यार्ड, ३ फुटांचा. नऊवारी लुगड्याचे नऊ वार म्हणजे २७ फूट, ८.२३ मीटर.

खरा बदल स्वातंत्र्यानंतर झाला. डिसेंबर १९५६ मध्ये प्रमाणित वजने व मापे यांचा कायदा संमत झाला. पैशाचा बदल आधी आला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. आणा सव्वासहा नव्या पैशांचा. चार आणे, आठ आणे, बारा आणे पंचवीस, पन्नास, पंचाहत्तरला चोख बसले. एक, दोन, तीन आण्यांचे मात्र अपूर्णांक राहिले आणि दुकानदार बहुधा आकडा वरच्या बाजूला पूर्ण करत. १ ऑक्टोबर १९५८ पासून निवडक भागांत मेट्रिक वजने सुरू झाली. मुंबई राज्याने त्याच वर्षी अंमलबजावणीचा कायदा केला. पुढे टप्प्याटप्प्याने व्यापारातली जुनी मापे बेकायदा ठरत गेली आणि १ एप्रिल १९६२ पासून देशभर मेट्रिक पद्धत सक्तीची झाली. नावे बदलण्याच्या भानगडीत सरकार पडले नाही. मीटर, लिटर, किलो ही नावे आहेत तशी ठेवली आणि ते शहाणपणाचे झाले, कारण संस्कृतातून घडवलेले नाव बाजारात रुळायला आणखी एक पिढी गेली असती.

तेव्हा मालवण, वेंगुर्ले, कणकवली हा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला १ मे १९८१ रोजी, म्हणजे तो जन्मालाच मीटर-किलोच्या राज्यात आला.

वजनाच्या बाबतीत बदल पुरता झाला. ८० तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमचा होता, किलो त्याहून थोडा मोठा. दोघांत इतके साम्य की लोकांनी शेर सोडून किलो घेतला. लांबीच्या बाबतीत तसे झाले नाही. वाराऐवजी मीटर आला खरा, कारण कापडवाल्याच्या हातातली लोखंडी पट्टीच बदलली. पण फुटाच्या जागी बसेल असे काही नवीन पद्धतीत नव्हते. सेंटिमीटर फार लहान, मीटर फार मोठा. डेसिमीटर मधला होता, पण तो शाळेच्या वहीबाहेर कधी आलाच नाही. खोली, दार, होडी, माणूस या सगळ्यांचे आकार फुटात सांगायला सोपे जातात आणि म्हणून घर बांधणारा गवंडी आजही दहा बाय बाराची खोली म्हणतो.

रूपांतराचे गणित साधे आहे. १ जुलै १९५९ पासून इंग्रजी बोलणाऱ्या प्रमुख देशांनी यार्ड ०.९१४४ मीटर ठरवला, त्यामुळे फूट बरोबर ०.३०४८ मीटर आणि इंच बरोबर २५.४ मिलिमीटर. उलट बाजूने १ मीटर म्हणजे ३.२८०८ फूट, किंवा ३ फूट ३ इंच आणि वर तीन सूत. सूत हे सुताराचे माप, इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. तोंडी हिशेबाला एक युक्ती पुरते: फुटांना तीनने गुणून दहाने भागावे आणि आलेल्या आकड्यात शंभरामागे दीड घालावे. ५० फुटांचे १५ मीटर, अधिक शंभरामागे दीड म्हणजे साडेबावीस सेंटिमीटर. खरे उत्तर १५.२४.

चुका होतात त्या दुसरीकडे. पहिली फूट-इंचांची. पाच फूट सहा इंच म्हणजे ५.६ फूट नव्हे, ५.५ फूट. या माणसाची उंची १६७.६ सेंटिमीटर, ५.६ घेऊन गुणले तर तो एकदम १७०.७ चा होतो. योगायोगाने कोकण रेल्वेच्या दोन रुळांमधले अंतरही पाच फूट सहा इंचच आहे. २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्ग खुला झालेली, नव्या जमान्यात मीटरमध्येच आखलेली ही रेल्वे. तरी कागदावर तिचे माप १,६७६ मिलिमीटर आहे, कारण ते एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी इंचांवर ठरले. कुडाळच्या फलाटावर उभा असलेला मध्यम उंचीचा माणूस रुळांमध्ये आडवा बसेल, इतके ते अंतर.

दुसरी चूक क्षेत्रफळाची. दहा बाय दहाची खोली १०० चौरस फुटांची. तिला ०.३०४८ ने गुणून ३०.४८ चौरस मीटर म्हणणारे पुष्कळ भेटतात. लांबी आणि रुंदी दोन्ही बदलल्या, तेव्हा गुणक दोनदा लागतो. खरे उत्तर ९.२९ चौरस मीटर. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट आणि एक घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट.

घनफुटावरून ब्रासची गोष्ट निघते. महाराष्ट्रात वाळू, खडी, माती आणि चिऱ्याच्या खाणीतला जांभा ब्रासवर विकतात. शंभर घनफुटांचा एक ब्रास, २.८३ घनमीटर. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट उंच ढीग डोळ्यांपुढे आणला की तो कळतो. याच शब्दाने गवंडी आणि रंगारी शंभर चौरस फूटही मोजतात, तेव्हा ब्रास ऐकला की आधी तो कसला हे विचारावे. मेट्रिक कायद्याला साठ वर्षे उलटली, तरी खाडीतल्या वाळूचे परवाने आणि गौण खनिजाची रॉयल्टी सरकार स्वतःच ब्रासवर बोलते. लोकांना जुन्या सवयीचा दोष देताना हे लक्षात ठेवलेले बरे. सळ्यांच्या दुकानात मात्र दोन्ही भाषा एकाच वेळी चालतात. गिऱ्हाईक तीन सूत मागते, दुकानदार १० मिलिमीटरची सळी देतो. अडीच सूत म्हणजे ८, चार सूत म्हणजे १२. तीन सूत खरे म्हणजे साडेनऊ मिलिमीटर, पण त्यावरून कोणी भांडत नाही.

जमिनीच्या बाबतीत तोंड आणि कागद यांच्यातली फारकत सर्वांत मोठी आहे. सात-बारावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये असते. एक आर १०० चौरस मीटरचा, शंभर आरांचा हेक्टर. ०.२५.३० असा आकडा असेल तर तो २५ आर ३० चौरस मीटर. गुंठ्यात आणायला १.०११७ ने भागायचे: बरोबर २५ गुंठे. यावरून कळते की हे क्षेत्र मुळात गुंठ्यात मोजलेले होते, आर नंतर चढले. आर आणि गुंठा यांत शंभरामागे सव्वाचाही फरक नाही, त्यामुळे बोलताना दोन्ही एकच मानले जातात. लहान तुकड्याला चालते. पाच एकरांच्या बागेत मात्र २०० गुंठ्यांना २०० आर म्हटले की २.३४ आर, म्हणजे २,५०० चौरस फुटांहून अधिक जमीन हिशेबातून गळते. मालवणात तेवढ्यात एक बरे घर अंगणासह बसते.

कोकणात यापुढची गुंतागुंत वाटणीची. सामाईक जमिनीतला प्रत्येकाचा हिस्सा जुन्या कागदांत आणे-पैने लिहीत, त्याला आणेवारी म्हणत. पूर्ण जमीन सोळा आणे, आणा बारा पैंचा, म्हणजे एकूण १९२ पै. सहा भावांत वाटणी झाली तर प्रत्येकाला २ आणे ८ पै, चोख. तीन भावांना ५ आणे ४ पै. दशांशात सहावा हिस्सा ०.१६६६ असा न संपणारा आकडा होतो, शंभर पैशांत तर बसतच नाही. नाण्यातून आणा १९५७ मध्ये गेला, पण हिश्श्यांच्या रकान्यात तो पुढे कितीतरी वर्षे टिकला. कारण सवयीचे नव्हते, १९२ ला तीनने भाग जातो हे होते. दशमान पद्धतीचे गुणगान करणाऱ्या पुस्तकांत ही बाजू क्वचितच येते.

बागांमध्ये मीटर खऱ्या अर्थाने उपयोगी पडला. हापूसची कलमे १० बाय १० मीटरवर लावायची शिफारस आहे, म्हणजे प्रत्येक झाडाला एक आर आणि हेक्टरी १०० झाडे. जुन्या हिशेबाने तेच ३३ बाय ३३ फूट, झाडाला गुंठा आणि एकरी ४० झाडे. या एका पिकात दोन्ही पद्धती इतक्या सुरेख जुळतात की आर किती याची कल्पना बागायतदाराला झाडावरून येते. माडाला २५ फूट म्हणत, आता साडेसात मीटर. हेक्टरी १७७ माड. पावसाचे मापही बदलले. आंबोलीचा वार्षिक पाऊस सुमारे ७५० सेंटिमीटर सांगतात. जुन्या माणसांचा आकडा जवळपास ३०० इंचांचा असे.

किनाऱ्यावर घर बांधणाऱ्याला मात्र मीटरपासून सुटका नाही. फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीच्या उच्चतम रेषेपासून ५०० मीटरचा पट्टा नियंत्रणात आणला आणि ग्रामीण किनाऱ्यावर त्यातल्या पहिल्या २०० मीटरांत नवे बांधकाम बंद केले. ५०० मीटर म्हणजे १,६४० फूट, २०० म्हणजे ६५६ फूट. घराचा नकाशा फुटात, परवानगी मीटरमध्ये आणि ज्या रेषेपासून मोजायचे ती दर अमावास्या-पौर्णिमेला नजरेला पडणारी, पण जमिनीवर खूण नसलेली. तिच्या नेमक्या जागेवरून जेवढे वाद झाले तेवढे फुटाचे मीटर करण्यावरून झाले नाहीत.

समुद्रात उलटे घडले. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ मध्ये झाला. त्याखाली यांत्रिक ट्रॉलरना किनाऱ्यालगत मज्जाव करताना रेषा अंतराने नाही तर पाण्याच्या खोलीने, फॅदममध्ये आखली गेली: कुठे पाच, कुठे दहा. फॅदम सहा फुटांचा, १.८२८८ मीटरचा, आणि मराठीत त्याला शब्द वाव हाच. मेट्रिक राज्याने एकोणीसशे ऐंशीच्या दशकात कायद्याला शरीराचे माप लावले, कारण पारंपरिक मच्छीमाराला खोली त्याच भाषेत कळते.

पण कायद्याचा वाव सहा फुटांचा आणि साडेपाच फुटी मच्छीमाराचा साडेपाच फुटांचा. दहा फॅदम १८.२९ मीटर होतात, त्या माणसाचे दहा वाव १६.७६ मीटर. फरक दीड मीटरचा. तळाचा उतार पाचशे मीटरला एक मीटर धरला, तर दीड मीटर खोलीच्या फरकाने रेषा पाऊण किलोमीटर सरकते. त्या पाऊण किलोमीटरच्या पट्ट्यात ट्रॉलर दिसला, की दोराने खोली मोजणाऱ्या रापणकराला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या मच्छीमाराला, तो बंदीच्या पट्ट्याबाहेर वाटतो. यंत्राच्या पडद्यावर खोली पाहणाऱ्या तांडेलाला, म्हणजे नौकेच्या प्रमुखाला, तोच ट्रॉलर बंदीच्या पट्ट्यात दिसतो. भरती-ओहोटीने त्यात आणखी एक-दोन मीटरांची भर पडते. त्यामुळे गस्तीच्या नौकेवर आता खोलीबरोबर उपग्रहावरून मिळालेले अक्षांश-रेखांशही टिपून घेतात.